डॅशकॅम परत परत ‘कार्ड फॉरमॅट करा’ म्हणतो? आधी तारीख आणि वेळ लिहून ठेवा

गुढीपाडव्याच्या आठवड्यात नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या चौकात एका टेम्पोने माझ्या गाडीचा समोरचा डावा कोपरा घासला. टेम्पोवाला खाली उतरला आणि माझ्यावरच ओरडायला लागला. मी शांत होतो, कारण काचेवर कॅमेरा होता. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं तर शेवटची क्लिप सतरा दिवसांपूर्वीची निघाली. म्हणजे सतरा दिवस काचेवर नुसतं शोभेचं डबडं लटकत होतं. कॅमेऱ्याची स्क्रीन मिनिटभराने आपोआप काळी होते, त्यामुळे आत ‘कार्ड एरर’ लिहून आलेलं कधी दिसलंच नाही.

खरी चिडचीड वेगळ्याच गोष्टीची झाली. त्याआधीच्या तीन महिन्यांत मी तेच कार्ड निदान सहा वेळा फॉरमॅट केलं होतं. दर वेळी कॅमेरा गुमान चालू व्हायचा आणि दर वेळी मीही समाधानाने मेनू बंद करायचो. शेजारचे काका, वायरिंगवाला, ऑफिसातलं पोट्टं, ज्याला विचारावं तो एकच उपाय सांगायचा : ‘फॉरमॅट मारा ना भाऊ, होऊन जाते.’ होऊन जाते, हे खरं आहे. पण फॉरमॅटने जवळपास प्रत्येक बिघाड थोडे दिवस झाकला जातो, आणि मग मूळ बिघाड कोणता होता ते कळायला मार्गच उरत नाही.

मेमरी कार्ड म्हणजे एक जाडजूड वही समजा. नेहमीचं फॉरमॅट, ज्याला ‘क्विक’ म्हणतात, ते या वहीची फक्त अनुक्रमणिका काढून कोरी लावतं. आतली पानं तशीच राहतात, फाटलेली असतील तर फाटलेलीच. अनुक्रमणिका विस्कटल्यामुळे कॅमेरा अडला असेल तर फॉरमॅटने काम होतं. पण ती विस्कटली कशामुळे, याचं उत्तर फॉरमॅट देत नाही. ते वीज तुटल्यामुळे असेल, उष्णतेमुळे असेल, पानं संपल्यामुळे असेल, किंवा वही मुळातच अर्ध्या पानांची असेल.

म्हणून टेम्पोच्या प्रकरणानंतर मी एक साधं काम केलं. पेट्रोलच्या बिलामागे लिहायला सुरुवात केली : कार्ड कधी फॉरमॅट केलं, पुन्हा एरर कधी आली, किती वाजता आली. बिल गाडीच्या खणात. महिन्याभरात त्या बिलाने जे सांगितलं ते आधीच्या सहा फॉरमॅटांनी सांगितलं नव्हतं. फॉरमॅट आणि पुढची एरर यांच्यामधलं अंतर बघितलं की बिघाड बऱ्यापैकी ओळखू येतो. खालचं सगळं त्याच अंतराच्या हिशेबाने लिहितो आहे. तुमचं अंतर जिथे बसतं तिथून वाचा.

फॉरमॅट केल्याकेल्या पुन्हा तेच

‘फॉरमॅट यशस्वी’ असं आलं आणि पाच मिनिटांत परत एरर. सगळ्यात सोपा प्रकार आधी तपासा : कार्डच मेलं आहे का. कार्ड लॅपटॉपला लावा, त्यातली एखादी जुनी क्लिप डिलीट करा, कार्ड नीट बाहेर काढून परत लावा. डिलीट केलेली क्लिप परत आलेली दिसली तर कार्ड कायमचं फक्त वाचण्यापुरतं उरलं आहे. आतली मेमरी झिजून संपली की कार्डाचा कंट्रोलर, म्हणजे कार्ड चालवणारी आतली चिप, लिहिणं बंद करतो, निदान असलेलं तरी वाचता यावं म्हणून. तुम्ही फॉरमॅट करता, तो हो म्हणतो, करत काहीच नाही. हे कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. त्यातल्या क्लिपा उतरवून घ्या आणि कार्ड फेकून द्या. मी अशा एका कार्डावर अख्खा रविवार घालवला आहे, म्हणून सांगतो.

लॅपटॉप ‘राइट प्रोटेक्टेड’ म्हणत असेल तर आधी अ‍ॅडॅप्टरच्या बाजूची ती बारीकशी सरकपट्टी बघा. कार्ड घालता-काढताना ती लॉककडे सरकते आणि माणूस उगाच कार्डाला शिव्या देतो.

कार्ड नवं आणि चांगलं असूनही कॅमेरा घेत नसेल तर फाइल सिस्टिमचा, म्हणजे कार्डावर फायली मांडायच्या पद्धतीचा, घोळ असण्याची शक्यता जास्त. ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी प्रकारची, ती कारखान्यातून फॅट३२ मध्ये येतात. ३२ च्या वरची, २ टीबीपर्यंतची, एसडीएक्ससी. ती एक्सफॅटमध्ये येतात. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणली आणि तिचा तांत्रिक तपशील २०१९ मध्ये खुला केला. ती वापरायला कंपन्यांना परवाना लागायचा, त्यामुळे बरेच स्वस्त कॅमेरे फॅट३२ वरच राहिले. अशा कॅमेऱ्यात ६४ जीबीचं कार्ड थेट पाकिटातून घातलं की तो गोंधळतो. बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेनूतून फॉरमॅट केलं की तो त्याला हवं ते करून घेतो. तेही जमलं नाही तर लॅपटॉपवर फॅट३२ करावं लागतं, आणि इथे लोक अडतात, कारण विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वरच्या कार्डाला फॅट३२ चा पर्यायच दाखवत नाही. रुफस नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात ‘नॉन बूटेबल’ निवडा, फाइल सिस्टिममध्ये ‘लार्ज फॅट३२’ निवडा आणि क्लस्टर साइज ३२ केबी ठेवा. कुठल्या ड्राइव्हवर करतो आहोत ते दोनदा वाचा. शेजारीच पेन ड्राइव्ह लावलेला असतो आणि त्यात लग्नाचे फोटो असतात.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही, हे ऐकून काहीजण घाबरतात. डॅशकॅम मुळात एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे पाडत लिहितो, त्यामुळे ती मर्यादा आपल्या वाट्याला येत नाही.

अजून एक प्रकार माझ्या भाच्यामुळे कळला. त्याने कॉलेजच्या प्रोजेक्टला रास्पबेरी पायमध्ये वापरलेलं कार्ड मला ‘मामा, हे घ्या, पडूनच आहे’ म्हणून दिलं. त्यावर दोन पार्टिशन होते. लॅपटॉप त्यातला छोटा भाग फॉरमॅट करून मोकळा व्हायचा आणि ६४ जीबीचं कार्ड कॅमेऱ्याला अडीचशे एमबीचं दिसायचं. दोन क्लिपा झाल्या की ‘कार्ड फुल’. अँड्रॉइड फोनमध्ये ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून वापरलेल्या कार्डाचंही असंच होतं, कारण फोन ते कुलूपबंद पद्धतीने लिहितो आणि दुसऱ्या कुणाला ते वाचता येत नाही. अशा कार्डांसाठी एसडी असोसिएशनचं स्वतःचं ‘एसडी मेमरी कार्ड फॉरमॅटर’ विंडोज आणि मॅकसाठी मोफत मिळतं. ते अख्खं कार्ड मूळच्या मांडणीवर आणून ठेवतं. नंतर कॅमेऱ्यात पुन्हा फॉरमॅट.

दोन-चार तासांनी, किंवा कार्ड पहिल्यांदा भरत आलं की

इथे थोडा हिशेब लागतो, पण तो एकदाच करायचा आहे. तुमच्या कॅमेऱ्याची एक मिनिटाची क्लिप किती मोठी आहे ते बघा. माझी साधारण १२० एमबीची. म्हणजे तासाला ७.२ जीबी. या वेगाने ३२ जीबीचं कार्ड साधारण साडेचार तासांत भरतं, ६४ चं नऊएक तासांत. समृद्धी महामार्गाने शिर्डीला गेलात, नागपूरच्या शिवमडक्याहून ५२० किलोमीटर, सहा तास धरा, तर ३२ जीबीच्या कार्डात निघतानाचा भाग शिर्डी यायच्या आधीच पुसलेला असतो. तो दोष नाही. जुनं पुसून त्यावर नवं लिहिणं, ज्याला लूप म्हणतात, ते चालू असल्याचीच ती खूण. मात्र कार्ड भरताच एरर येत असेल तर सेटिंगमध्ये लूप बंद तर नाही ना, ते आधी बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि मी पाहिलेल्या दोन गाड्यांत तेवढंच होतं.

कार्ड भरायच्या बरंच आधी, दर वेळी ठरावीक तासांनी गडबड होत असेल तर कार्ड नकली असल्याचा संशय घ्या. माझ्या मेहुण्याने बर्डीच्या बाजारातून १२८ जीबीचं कार्ड घेतलं, पाकीट झकास, भाव निम्मा. कॅमेरा दोन तास छान चालायचा, मग क्लिपा दिसायच्या पण उघडायच्या नाहीत. असल्या कार्डात मेमरी १६ किंवा ३२ जीबीची असते, आणि कंट्रोलरला मात्र १२८ सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली की तो जुन्यावरच लिहीत सुटतो किंवा लिहिलेलं हवेत सोडून देतो. कितीही फॉरमॅट करा, दिसताना १२८ च दिसणार. ओळखायचा खात्रीचा मार्ग म्हणजे कार्ड काठोकाठ भरून परत वाचून बघणं. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘एफ३’ हे काम फुकट करतात. मोठ्या कार्डाला दोन-तीन तास सहज लागतात, रात्री लावून झोपा. मेहुण्याच्या १२८ मधून पंधराएक जीबी खरे निघाले. दुकानदार म्हणाला, ‘भाऊ, मोबाइलमध्ये टाका, चालते तिथं.’ मोबाइलमध्येही चालत नाही. तिथे ते फक्त उशिरा कळतं.

उलट, ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९.६ जीबी दिसलं म्हणून कुणी भांडायला जाऊ नका. कार्डवाले हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत. तेवढाच फरक.

मॅक वापरणाऱ्यांची एक वेगळीच गंमत आहे. कार्डावरच्या क्लिपा मॅकवरून डिलीट केल्या की त्या कार्डावरच्याच एका लपलेल्या कचरापेटीत जातात, आणि कचरापेटी रिकामी करेपर्यंत जागा सुटत नाही. कॅमेऱ्याला त्या फायली दिसत नाहीत, म्हणून तो त्या पुसतही नाही. कार्ड कोरं दिसतं आणि तरी भरलेलं असतं. म्हणून कार्डावरच्या क्लिपा लॅपटॉपवरून हाताने डिलीट करूच नका. हवं ते उतरवा आणि बाकीचं कॅमेऱ्यातून फॉरमॅट करा.

आठ-पंधरा दिवसांनी, आणि पावसाळ्यात जरा लवकरच

हा खड्ड्यांचा बिघाड आहे. शब्दशः.

कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा जी-सेन्सर असतो. धक्का बसला की चालू क्लिपला तो कुलूप लावतो आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो, म्हणजे लूप तिला पुसणार नाही. अपघाताला हे सोन्यासारखं आहे. पण सेन्सर ‘हाय’वर असला तर मानेवाड्याच्या आतल्या गल्लीतला प्रत्येक स्पीडब्रेकर अपघात ठरतो. तीन मिनिटांची एक क्लिप म्हणजे माझ्याकडे ३६० एमबी. दिवसाला पंधरा धक्के धरले तर ५ जीबीच्या वर, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड बारा दिवसांच्या आत नुसत्या कुलूपबंद क्लिपांनी गच्च. काही कॅमेरे कुलूपबंद क्लिपांना ठरावीकच जागा देतात आणि ती संपली की जुन्या कुलूपबंद क्लिपाही पुसतात. काही मात्र ‘कार्ड फुल, फॉरमॅट करा’ म्हणून हात वर करतात. फॉरमॅट केलं की बारा दिवस शांतता. जुलै-ऑगस्टमध्ये रस्ते उखडले की हेच अंतर पाच दिवसांवर येतं आणि लोक म्हणतात, दमट हवेने कार्ड खराब झालं.

कार्ड लॅपटॉपला लावून ‘इव्हेंट’, ‘आरओ’, ‘लॉक’ अशा नावाचं फोल्डर उघडा आणि किती जीबी भरलं आहे ते बघा. निम्म्याहून जास्त असेल तर चोर सापडला. सेन्सर ‘लो’ करा. पार्किंग मोड, म्हणजे गाडी उभी असतानाही रेकॉर्ड करायची सोय, चालू असेल आणि गाडी रस्त्याकडेला उभी राहत असेल तर तोही बघा. शेजारून ट्रक गेला की थरथरीने क्लिपा कुलूपबंद होत राहतात. सेन्सर पूर्ण बंद मात्र करू नका. माझं मत विचाराल तर ‘लो’ पुरे, आणि कॅमेऱ्यावर हाताने क्लिप लॉक करायचं बटण कुठे आहे ते पाठ असू द्या. घटना घडली की ते दाबायचं.

फक्त दुपारी

माझ्या बिलावरच्या तारखा अशा होत्या : ५ एप्रिल, १९ एप्रिल, २८ एप्रिल, ४ मे, ७ मे, ९ मे. चौदा दिवस, मग नऊ, सहा, तीन, दोन. सगळ्या वेळा दुपारी दीड ते चार. सकाळी आठला निघून वर्ध्याला जाताना कॅमेरा एकदाही अडला नव्हता. तिथे गाडी उन्हात उभी राहायची आणि परत निघताना एरर. भाच्याने बिल हातात घेऊन दहा सेकंदांत सांगितलं, ‘मामा, काहून कार्डं बदलवत बसले तुम्ही? कॅमेऱ्याला ऊन लागून राहिलं.’ तोवर मी तीन नवी कार्डं घेऊन बसलो होतो.

आपल्याकडचं ऊन काय आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको. ३० मे २०२४ ला तर नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने थेट ५६ अंश दाखवले होते, आणि मग हवामान खात्याने तो सेन्सरचा बिघाड असल्याचं सांगितलं. मोजायला ठेवलेल्या यंत्राची ही गत, तर काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्याने काय करावं?

यात कार्ड बहुधा निर्दोष असतं. चांगल्या कंपन्यांच्या कार्डांवर उणे २५ ते ८५ अंश अशी मर्यादा दिलेली असते. कॅमेऱ्याची मर्यादा त्याहून कमी, साधारण ६० ते ७०. आणि कॅमेऱ्यात लिथियमची बॅटरी असेल तर तिचं दुखणं त्याहून आधी सुरू होतं, कारण लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असं मानतात. नवतपात आपल्याकडे सावलीतच तेवढं असतं, बंद गाडीतल्या काचेचं तर विचारूच नका. बॅटरी फुगते, कॅमेऱ्याचं झाकण किंचित उचललं जातं, आतले संपर्क हलतात आणि कॅमेरा सरळ कार्डावर आळ घेतो. माझ्या कॅमेऱ्याचं झाकण एका बाजूने उचललेलं होतं. रोज बघत होतो, पण ती मला चिनी बनावटीची फट वाटली होती. झाकण असं फुगलेलं दिसलं तर कॅमेरा लगेच बंद करून गाडीतून काढा, ते ओढाताण करून दाबून बसवू नका.

आणि यात माझीच एक चूक भर घालत होती. उन्हात गाडी लावली की मी समोर चंदेरी सनशेड लावायचो. कॅमेरा काचेला चिकटलेला, शेड त्याच्या मागे. म्हणजे गाडी जरा थंड राहायची आणि कॅमेरा काच आणि शेड यांच्यामध्ये भाजून निघायचा. शेड लावायची तर कॅमेरा माउंटमधून काढून सीटखाली ठेवा, किंवा शेडला त्या जागी खाच पाडा. माउंटची जागा आरशामागे, काचेवर काळी पट्टी असेल तर तिच्या सावलीत घ्या.

असा तापलेला कॅमेरा एरर दाखवत असताना त्याच क्षणी फॉरमॅट मारू नका. एसी दहा मिनिटं चालू द्या, कॅमेरा बंद-चालू करून बघा. थंड झाल्यावर आपोआप चालला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं आणि आतल्या क्लिपाही वाचल्या. नवा कॅमेरा घ्यायचा तर बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा पण ऊन जास्त सोसणारा भाग, असलेला घ्या. आपल्या भागासाठी मी यात दुसरा विचार करणार नाही, मग स्क्रीन लहान असली तरी चालेल.

गाडी बंद-चालू केल्यावर कधीतरी, नियम नाही

गाडी बंद केल्यावर चालू क्लिप नीट मिटवायला कॅमेऱ्याला दोन-तीन सेकंद लागतात. ती ताकद आतली छोटी बॅटरी किंवा कपॅसिटर देतो. तोच गेला की प्रत्येक वेळी वीज मध्येच तुटते, शेवटची क्लिप अर्धवट राहते, आणि अनुक्रमणिकेत अशा अर्धवट नोंदी साचत जाऊन एक दिवस कार्ड अडतं. तपासणी सोपी : किल्ली फिरवून गाडी बंद करा आणि कॅमेऱ्याकडे बघा. तो क्षणभर थांबून, निरोप घेऊन बंद झाला तर ठीक. बल्बसारखा फट्कन विझला तर आतला साठा संपलेला आहे. सोबत तारीखही दर वेळी मागच्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर जात असेल तर शंकाच उरत नाही.

तारखेचा अजून एक उपद्रव. काही कॅमेरे सगळ्यात जुनी तारीख बघून क्लिप पुसतात. घड्याळ मागे गेलं की आज घेतलेली क्लिप त्यांच्या लेखी सगळ्यात जुनी ठरते आणि आधी तीच जाते.

सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला सैल चार्जर आणि मोबाइलचा कुठलातरी हाताला लागलेला चार्जर हेही यातलेच. कॅमेऱ्यासोबत आलेला चार्जर आणि वायर वापरून आठ दिवस बघा, मग पुढचं बोला. कार्डाचे सोनेरी संपर्क आणि खाच धुळीने भरलेली असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसून घ्या. ब्लेडने खरवडू नका.

वर्ष-दीड वर्ष चांगलं चाललं, मग अंतर कमी कमी होत गेलं, सकाळ-दुपार काही नाही

कार्ड म्हातारं झालं. दिवसाला चार तास गाडी चालली तर माझ्या हिशेबाने २८.८ जीबी लिहिलं जातं. ३२ जीबीचं कार्ड त्यात जवळपास रोज एकदा पूर्ण भरून पुसलं जातं, १२८ जीबीचं चार दिवसांतून एकदा. मोठं कार्ड जास्त टिकतं ते यामुळे, मात्र कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या वर जाऊ नका. ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेली कार्डं सतत लिहिण्यासाठीच बनवलेली असतात. साध्या कार्डांच्या वॉरंटीत डॅशकॅम आणि सीसीटीव्हीचा वापर अनेकदा वगळलेला असतो, तो बारीक मजकूर घेण्याआधी वाचा. वेगाच्या खुणांमध्ये साध्या १०८०पी कॅमेऱ्याला यू१ पुरतं, कारण त्यात सेकंदाला किमान १० एमबीची हमी असते आणि आपल्याला लागतात २. फोर-के असेल तर यू३ किंवा व्ही३०. ए१, ए२ या खुणा मोबाइलच्या अ‍ॅपसाठी, त्यांचे जास्तीचे पैसे इथे देऊ नका.

आता प्रत्यक्ष फॉरमॅट

नुकताच अपघात झाला असेल तर थांबा, फॉरमॅट नाही. कॅमेरा बंद करून कार्ड काढा, क्लिपा दोन ठिकाणी उतरवा आणि मूळ कार्ड पाकिटात घालून बाजूला ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश संख्या, म्हणजे फाइलवरून काढलेली तिची ओळखखूण, द्यावी लागते. पूर्वी हे ६५-ब म्हणून ओळखलं जायचं. मूळ कार्ड हाताशी असलं तर हे सगळं सोपं जातं. टेम्पोवाल्याच्या भांडणात मला हे काहीच लागलं नाही, कारण दाखवायला क्लिपच नव्हती.

बाकी वेळी असं करा. हवं ते उतरवून घ्या. गाडी सावलीत, किल्ली अ‍ॅक्सेसरीवर किंवा इंजिन चालू, कॅमेरा थंड. आधी रेकॉर्डिंग थांबवा, कारण बरेच कॅमेरे रेकॉर्डिंग चालू असताना मेनूच उघडत नाहीत आणि माणसाला वाटतं बटण बिघडलं. मेनूत फॉरमॅट निवडा, पूर्ण होईपर्यंत किल्लीला हात लावू नका. तारीख-वेळ तपासा. मग दहा मिनिटं रेकॉर्ड होऊ द्या आणि ती क्लिप कॅमेऱ्यातच चालवून बघा. ही शेवटची पायरी सगळे गाळतात. मीही गाळायचो.

लॅपटॉपवर फॉरमॅट केलं असेल तरी शेवटचं फॉरमॅट कॅमेऱ्यातच व्हायला हवं. त्याला लागणारे फोल्डर आणि क्लस्टरचा आकार तो स्वतः ठरवतो, काही कॅमेरे तर जागेची आधीच आखणी करून ठेवतात. एसडी फॉरमॅटरमधला ‘ओव्हरराइट’ पर्याय अख्खं कार्ड खरोखर लिहून काढतो. गुंतागुंत झालेल्या कार्डाला तो एकदा द्या, दर महिन्याला नको, उगाच झीज होते. एरवी महिन्यातून एकदा कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट पुरे. मी ते १ तारखेला करतो, टायरमध्ये हवा भरायला जातो तेव्हा. हवा भरणारा पोऱ्या चारही टायर करेपर्यंत माझं होऊन जातं.

नवा कॅमेरा, सुपरकपॅसिटरवाला, मे संपता संपता लावला. कार्ड तेच जुनं ठेवलं, ज्याला मी तीन महिने दोष देत होतो. जूनभर बिलावर काही लिहावं लागलं नाही. १८ जुलैला, लावल्यापासून बऱ्याच दिवसांनी, सकाळी नऊ वाजता ‘कार्ड फुल’ आलं. काका फाटकातच उभे होते, म्हणाले, ‘फॉरमॅट मारून देजो.’ मी आधी इव्हेंटचं फोल्डर उघडलं. त्यात ४१ जीबी खड्डे होते.